वाचून दाखवलेलं नाटक, पडद्यावर आलेला सिनेमा

1955 चा जानेवारी. दिल्लीत एक नाटककार मुंबईहून आलेल्या सिनेमावाल्यांना आपलं नाटक अथपासून इतिपर्यंत ऐकवतो आहे. नाटक ‘हम हिंदुस्तानी’, नाटककार आर. जी. आनंद, ऐकणाऱ्यांत दिग्दर्शक मोहन सेहगल. वाचन संपतं, बोलणं होतं, आणि कुठलाही शब्द न देता मंडळी मुंबईला परततात. त्याच वर्षी मे महिन्यात सेहगल यांच्या ‘न्यू दिल्ली’ या चित्रपटाची घोषणा होते.

ज्यानं कधी आपली संहिता चार लोकांसमोर वाचली आहे, त्याच्या पोटात इथे गोळा येतो. माझ्याही येतो. या वाचनातून जो वाद उभा राहिला तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 18 ऑगस्ट 1978 रोजी त्याचा निकाल लागला. ‘आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स’ (डीलक्स फिल्म्स म्हणजे ‘न्यू दिल्ली’ची निर्माती कंपनी) हे प्रकरण भारतात कॉपीराइटचा कुठलाही वाद निघाला की आजही काढलं जातं. लिहिणाऱ्या माणसाचं नेमकं काय असतं आणि काय नसतं, हे समजायला मला तरी यापेक्षा चांगलं प्रकरण सापडलेलं नाही. म्हणून ते पहिल्यापासून सांगतो.

आनंद पेशानं आर्किटेक्ट, पण नाटकं लिहायचे आणि उभीही करायचे. ‘हम हिंदुस्तानी’ त्यांनी 1953 मध्ये हिंदीत लिहिलं. 6 ते 9 फेब्रुवारी 1954 असे सलग चार दिवस नवी दिल्लीच्या वेव्हेल थिएटरमध्ये त्याचे प्रयोग झाले. नाटक चाललं. वर्तमानपत्रांत बरं लिहून आलं, पुन्हा प्रयोग लागले, कलकत्त्यालाही झाले. विषय त्या काळात अगदी ताजा होता, भाषावार प्रांतरचनेची चर्चा देशभर पेटलेली. आनंदांनी दोन शेजारी घरं घेतली, एक पंजाबी आणि एक त्या वेळच्या भाषेत ‘मद्रासी’. घरांचा घरोबा चांगला. मग एका घरातला मुलगा आणि दुसऱ्या घरातली मुलगी प्रेमात पडतात आणि कालपर्यंत एकमेकांच्या घरचं खाणारे आईबाप आपापल्या प्रांताला चिकटून बसतात. नाटकाच्या सुरुवातीलाच निवेदक प्रेक्षकांना विचारतो की तुम्ही कोण, आणि वेगवेगळ्या भाषांमधून उत्तरं येतात, पंजाबी, बंगाली, गुजराती, मद्रासी. हिंदुस्तानी कुणीच नाही. इतक्या साध्या युक्तीनं नाटकाचा सगळा विषय पहिल्या दोन मिनिटांत उघडतो. मला ही सुरुवात फार आवडते.

नोव्हेंबर 1954 मध्ये सेहगल यांचं पत्र आलं. या नाटकावर सिनेमा करता येईल का ते पाहायचं आहे, प्रत पाठवा. आनंदांनी 30 नोव्हेंबरला उत्तर दिलं की राष्ट्रीय नाट्यमहोत्सवासाठी नाटकाची निवड झाली आहे, प्रत वाचण्यापेक्षा प्रयोगच बघायला या. प्रत पोस्टानं गेली नाही, याचा अर्थ माणूस सावध होता. पण जानेवारीत पाहुणे प्रत्यक्ष आले तेव्हा त्यांनी संपूर्ण नाटक वाचून दाखवलं. मला यात त्यांचा भोळेपणा दिसत नाही. नाटककाराला श्रोता हवाच असतो, आणि सिनेमावाला दारात आला तर संहिता कपाटात कुलूपबंद करून ठेवणारा लेखक मी अजून पाहिलेला नाही.

पुढे नाटकातला एक नट मुंबईत होता. तिथे बनत असलेला सिनेमा आपल्या नाटकासारखाच दिसतो आहे, असं त्यानं आनंदांच्या कानावर घातलं. आनंदांनी 30 मे 1955 रोजी सेहगल यांना पत्र लिहून काळजी कळवली. 9 जूनला उत्तर आलं की सिनेमाची कथा, मांडणी, पात्रं सगळं वेगळं आहे, तुमच्या नाटकाशी दूरान्वयानंही संबंध नाही. सप्टेंबर 1956 मध्ये ‘न्यू दिल्ली’ दिल्लीत लागला. नायक किशोर कुमार, नायिका वैजयंतीमाला. हा सिनेमा त्या नाटकासारखाच आहे असा सूर वर्तमानपत्रांत उमटला. आनंदांनी स्वतः सिनेमा पाहिला आणि दावा लावला. नुकसानभरपाई द्या आणि प्रदर्शन थांबवा, अशी मागणी.

आता पडद्यावर काय होतं ते पाहू. जालंधरचा पंजाबी तरुण आनंद नोकरीसाठी दिल्लीत येतो. (नायकाचं नावही आनंद! दावा लावणाऱ्या नाटककाराला हे बघताना काय वाटलं असेल.) त्याला भाड्यानं खोली मिळत नाही, कारण प्रत्येक घरमालकाला आपल्याच मुलखाचा भाडेकरू हवा. शेवटी तो मद्रासी असल्याचं सोंग घेतो आणि खोली मिळवतो. दाक्षिणात्य कुटुंबातल्या जानकीवर त्याचं प्रेम जडतं. तिकडे त्याच्या बहिणीचं मन एका बंगाली चित्रकारावर बसलेलं. तिचं लग्न वडील आपल्यातल्याच एका घरात ठरवतात आणि ते हुंड्यावरून मोडतं. शेवटी दोन्ही घरं एकत्र येतात.

पंजाबी घर, दाक्षिणात्य घर, प्रांताचा अभिमान, त्यापायी अडलेलं प्रेम, आईबापांचं मतपरिवर्तन. एवढ्या गोष्टी जुळतात आणि सेहगल यांनी नाटक संपूर्ण ऐकलेलं होतं हेही सिद्ध झालेलं. आपल्याकडे कट्ट्यावर बसून निकाल द्यायचा झाला तर कुणीही आनंदांच्या बाजूनं देईल.

न्यायालयानं दिला नाही. आधी दिल्लीच्या जिल्हा न्यायालयानं, मग 1967 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं आणि अखेर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं. सिनेमा लागल्यापासून बावीस वर्षांनी आनंद तिसऱ्यांदा हरले.

सर्वोच्च न्यायालयाचे तीन न्यायमूर्ती होते: फझल अली, जसवंत सिंग आणि रघुनंदन स्वरूप पाठक. त्यांनी हे प्रकरण नुसत्या कागदांवर काढलं नाही. नाटकाची संहिता समजून घेतली आणि सिनेमा प्रत्यक्ष पडद्यावर पाहिला. मुख्य निकालपत्र फझल अली यांचं, आणि त्याचं पहिलंच सूत्र आज प्रत्येक लेखकाला माहीत असायला हवं. कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कुणाचाही कॉपीराइट नसतो. तो असतो त्या कल्पनेला लेखकानं जे रूप दिलं त्यावर, म्हणजे तिची मांडणी, रचना, शब्द, प्रसंगांची गुंफण.

हे ऐकून पहिल्यांदा राग येतो, कारण लिहिणाऱ्याला वाटतं की सगळी मेहनत कल्पना सुचण्यातच होती. थोडं थांबून आपल्याच नाटकांकडे पाहा. चाळीतली दोन बिऱ्हाडं, मधली भिंत एक, आणि पोरांचं प्रेम जमतं. या सूत्रावर मराठीत किती नाटकं, किती एकांकिका, किती मालिका झाल्या असतील! पहिल्या लेखकाला या सूत्राचा मालक मानलं असतं तर बाकीच्यांनी लिहायचं काय? ज्ञानेश्वरांच्या चरित्रावर, शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेवर, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यावर प्रत्येक पिढी नव्यानं लिहिते ती याच मोकळिकीवर. तुमच्या सुटकेतले संवाद मात्र तुमचे. पेटारे उचलताना हिरोजीच्या तोंडी तुम्ही जी चार वाक्यं घातलीत ती दुसऱ्यानं जशीच्या तशी उचलली, तर तो तुमच्या हद्दीत शिरला.

मग नक्कल ओळखायची कशी? न्यायालयानं यासाठी प्रेक्षकाला साक्षीला बोलावलं. दोन्ही कृती वाचलेल्या किंवा पाहिलेल्या माणसाच्या मनावर ‘ही पहिलीचीच नक्कल आहे’ असा निःसंशय ठसा उमटतो का, हे पाहायचं. साम्य किरकोळ असून चालत नाही, मूळ कृतीचा गाभा उचललेला असावा लागतो. विषय एकच असला तरी हाताळणी इतकी निराळी असेल की दुसरी कृती नवीच ठरते, तर हक्कभंग होत नाही. फरक मोठे आणि महत्त्वाचे असतील तर नकलेचा आरोप ढिला पडतो. आणि सिद्ध करायची जबाबदारी आरोप करणाऱ्याची, तीही ठोस पुराव्यानिशी. नाटक विरुद्ध सिनेमा असा सामना असेल तर हे आणखी अवघड होतं, कारण सिनेमाचा पट मोठा, त्यात खूप काही नवं भरता येतं.

या कसोटीवर ‘न्यू दिल्ली’ लावून पाहताना न्यायालयानं मोजमाप असं केलं: नाटकात प्रांतवाद दिसतो तो लग्नाच्या बाबतीत, एवढाच. सिनेमात तो लग्नात दिसतो, भाड्याच्या खोलीत दिसतो आणि त्याला हुंड्याचा तिसरा धागा जोडलेला आहे. आनंदांनी साम्यांची लांबलचक यादी दिली होती, ती न्यायालयाला किरकोळ वाटली. तेव्हा गाभा तोच, असं म्हणता येत नाही.

इथे मी न्यायमूर्ती पाठक यांच्या छोट्या स्वतंत्र निकालपत्रापाशी नेहमी थांबतो. या प्रकरणाबद्दल लिहिणारे बहुतेक जण ते सोडून देतात, हे मला खटकतं. पाठक म्हणतात, सिनेमाच्या लेखकांवर नाटकातल्या ठळक गोष्टींचा काही प्रमाणात प्रभाव पडलेला दिसतो आणि नाटकाचा आराखडा त्यांना ठाऊक होता यात फारशी शंका नाही. कुणी चतुर माणूस प्रसंगांचा क्रम बदलून, आजूबाजूला नवं रचून मूळ उगम झाकूही शकतो, याची जाणीव ते करून देतात. हा प्रश्न आपल्यापुढे पहिल्यांदाच आला असता तर कदाचित वेगळ्या मताकडे आपला कल झाला असता, असंही ते सुचवतात. पण खालच्या दोन्ही न्यायालयांनी पुरावा पाहून एकच निष्कर्ष काढला असल्यानं त्यात हात घालायला नको, म्हणून तेही इतरांबरोबर गेले.

आनंद हरले, पण त्यांचं म्हणणं निराधार होतं असं मला वाटत नाही. कल्पना मोकळी ठेवण्याचा नियम बरोबरच आहे. पण वाचनासाठी दारी आलेल्या माणसानं ती कल्पना ऐकून नेली, याचा हिशेब त्या नियमात कुठेच मांडला गेला नाही. सगळा खटला ‘दोन कृती सारख्या आहेत का’ एवढ्यावर लढला गेला. ‘विश्वासानं सांगितलेलं तुम्ही वापरलंत का’ हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर पुढे आपल्या मुंबईत मिळालं. 2003 मध्ये ‘झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स’ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे एका मालिकेची संकल्पना होती. बालकृष्णाभोवती फिरणारी ती संकल्पना निर्मात्या संस्थेनं लेखी टिपणांसह वाहिनीच्या अधिकाऱ्यांना सादर केली होती आणि नंतर वाहिनीची तशीच मालिका येऊ घातली. न्यायालयानं मालिकेला दिलेली मनाई कायम ठेवली. गोपनीय म्हणून, पुरेशी तपशीलवार बांधून सांगितलेली संकल्पना घेणाऱ्याला परस्पर वापरता येत नाही, हा त्यातला मुख्य आधार होता. म्हणजे जी कल्पना कॉपीराइटच्या जाळ्यातून निसटते ती विश्वासभंगाच्या जाळ्यात अडकू शकते. अट एवढीच की काय सांगितलं, कुणाला, केव्हा आणि कोणत्या बोलीवर, हे कागदावर हवं.

कागदाचा विषय निघाला तर आनंदांच्याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट. नाटकाचा कॉपीराइट त्यांचाच आहे हे न्यायालयानं मान्य केलं होतं. त्या वेळी आपल्याकडे ब्रिटिशांचा 1911 चा कायदा 1914 च्या भारतीय कायद्याद्वारे लागू होता. आपला 1957 चा कायदा जानेवारी 1958 पासून अमलात आला. या बाबतीत दोन्हींचं म्हणणं एकच: कृती लिहून झाली की हक्क जन्माला येतो. त्यासाठी कुठे अर्ज करावा लागत नाही, पानाच्या तळाशी वर्तुळातलं इंग्रजी अक्षरही छापावं लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृती किंवा नाटकासाठी तिची सरकारी फी 500 रुपये आहे, आणि प्रमाणपत्राचा उपयोग असा की वाद झाला तर नोंदीतला मजकूर प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो. हक्क मात्र त्याच्याआधीच तुमच्याकडे असतो.

आपल्या नाटकवाल्यांत याबद्दल दोन समज फार पक्के आहेत. पहिला, संहिता पाकिटात घालून स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि पाकीट फोडायचं नाही. यानं फार तर अमुक तारखेला हा मजकूर होता एवढं दाखवता येईल. आजकाल तेवढं काम स्वतःला केलेला ईमेलही करतो. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवली तर हाच तारखेचा पुरावा जास्त भक्कम होतो. दुसरा समज अधिक घातक. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला ‘सेन्सॉर’ म्हणतो ते, मिळालं की नाटकाचे हक्क ‘सील’ झाले असं अनेकजण मानतात. त्या प्रमाणपत्राचा संबंध प्रयोगाच्या परवानगीशी आहे. मालकीशी त्याचं काही देणंघेणं नाही.

मालकी दुसऱ्याला द्यायची असेल तर ती लेखीच द्यावी लागते, तोंडी दिलेले हक्क हस्तांतरित होत नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो, आणि घेणाऱ्यानं वर्षभरात हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळं ठरलेलं नसल्यास, तो परत लेखकाकडे येतो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ अशा एका ओळीखाली सही करण्याआधी हे तिन्ही रकाने भरून घ्या. 2012 च्या दुरुस्तीनंतर सिनेमात वापरलेल्या गीत-संवादांची चित्रपटगृहाबाहेर जी कमाई होते तिच्या रॉयल्टीतला लेखकाचा समान वाटा करारानंही काढून घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. लेखकाच्या हयातीनंतर हक्क आणखी साठ वर्षं वारसांकडे राहतात.

गणेशोत्सवात एकांकिका बसवणाऱ्या मंडळांचे फोन मला दरवर्षी येतात, म्हणून तेही सांगतो. हौशी मंडळानं तिकीट न लावता प्रयोग केला तर कायद्याच्या 52 व्या कलमात त्याला सूट आहे. तिकीट किंवा प्रवेशमूल्य लागलं की ही मोकळीक गृहीत धरता येत नाही. शाळा-कॉलेजनं आपले विद्यार्थी, शिक्षक आणि पालक एवढ्यांपुरता प्रयोग केला तरी चालतं. सूट असली तरी लेखकाचं नाव गाळायची किंवा शेवट मोडून टाकायची मुभा त्यानं मिळत नाही. नावाचा आणि कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क, लेखकानं बाकी सगळं विकलं तरी, 57 व्या कलमानं त्याच्याकडेच राहतो. आणि सूट असो वा नसो, लेखकाला एक फोन करावा. मानधन मागितलं नाही तरी त्याला प्रयोग कळलेला असतो.

माझ्यावरही एकदा ही वेळ आली होती. एका नाट्यसंस्थेत मी एकांकिका वाचली होती. धरणाखाली जाणारं गाव, आणि शाळेची घंटा नव्या गावठाणात कुणी न्यायची यावरून दोन भावांत जुंपलेली. वर्षभरानं एका स्पर्धेत दुसऱ्याच संस्थेची एकांकिका पाहिली. धरण होतं, दोन भाऊ होते, घंटेच्या जागी देवळातला टाक होता. रात्रभर झोप लागली नाही. वकील मित्रानं दोन्ही संहिता शेजारी ठेवायला लावल्या आणि लाल-निळ्या पेन्सिली हातात दिल्या. जसंच्या तसं आलेलं वाक्य दिसलं की लाल रेघ, तोच प्रसंग त्याच क्रमानं आला की निळी. चौतीस पानांमध्ये लाल रेघ एकही पडली नाही, निळ्या दोन पडल्या. त्यांच्या धाकट्या भावाला एक बायको होती, तिचं म्हणणं होतं, आणि शेवट माझ्यापेक्षा वेगळा आणि खरं तर जास्त धीट होता. मी दावा लावला नाही. माझं नाटक ऐकूनच ते सुचलं असेल का, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

वाचनं मी बंद केली नाहीत. वाचनाच्या दिवशी सकाळी संहितेची अंतिम प्रत यजमानांना ईमेलनं पाठवतो, ‘हे वाचन विचारार्थ आहे, लेखी परवानगीशिवाय यातलं काही वापरू नये’ एवढ्या एका ओळीसह. आणि मूळ प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वर तारीख घालून तीच ओळ लिहितो आणि ऐकायला बसलेल्या प्रत्येकाची सही घेतो. सुरुवातीला ही मागणी करताना जीभ अडखळायची. आता चहा येईपर्यंत पान सगळ्यांच्या हातातून फिरून परत आलेलं असतं.